चिपचं मूळ आणि कूळ: ऐकीव दावे पडताळायचे कसे

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. चिप कंपनीचं मात्र जरूर विचारावं. नाही विचारलं की माझ्यासारखं होतं.

कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांचं छोटं प्रदर्शन होतं. माझ्याकडे डबाभर जुने प्रोसेसर आहेत. बरेचसे भंगारवाल्याकडून आणलेले, सोनं काढायला वितळवले जाण्याआधी वाचवलेले. प्रत्येक चिपखाली एक कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन कार्डं अगदी ऐटीत लिहिली. पहिलं असं: ‘पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी पेंटियमचा शोध लावला, मग स्वतःची नेक्सजेन कंपनी काढली, पण तिचा पुढचा प्रोसेसर इंटेलने बाजारात येऊ दिला नाही.’ दुसरं व्हीआयए सायरिक्स ३ या चिपखाली: ‘टेक्सासमधल्या सायरिक्सच्या अभियंत्यांनी घडवलेला शेवटचा प्रोसेसर.’

एक निवृत्त सर आले, चष्मा वर करून दोन्ही कार्डं वाचली आणि विचारलं, “हे कुठं वाचलंस बाळा?” मी म्हटलं, “व्हॉट्सॲपवर.” ते हसले नाहीत, एवढंच नशीब. मी दोन्ही कार्डं खिशात घातली. पुढचे चार महिने रात्री जेवण झाल्यावर हेच खोदत बसलो. त्यातून हाती लागलेली पद्धत खाली देतो. तुम्ही विद्यार्थी असा, जुन्या चिप जमवणारे असा, की घरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड खरा का खोटा एवढंच बघायचं असो, पायऱ्या त्याच.

१. आधी दाव्याचे तुकडे करा

फॉरवर्डमधला दावा मिसळीसारखा असतो. वरच्या कटाखाली काय काय आहे ते चमचा घातल्याशिवाय कळत नाही. म्हणून दाव्याचं एकेक वाक्य वेगळं करा, आणि एका वाक्यात एकच गोष्ट राहील असं लिहा. माझ्या पहिल्या कार्डाचे चार तुकडे झाले.

विनोद धाम पुण्यात जन्मले: खरं. १९५० साली.

पेंटियमचा शोध त्यांनी लावला: इथं अडकायला होतं. ‘पेंटियमचे जनक’ ही उपाधी त्यांना सर्रास लावतात आणि ती उगाच नाही. इंटेलमध्ये त्या प्रकल्पाची धुरा त्यांच्याकडे होती. पण प्रोसेसरची रचना एका माणसाच्या डोक्यातून येत नाही. पेंटियमचे आर्किटेक्ट म्हणून डोनाल्ड आल्पर्ट आणि जॉन क्रॉफर्ड यांची नावं घेतली जातात, आणि डिझाइनची टीम सांभाळणारे अवतार सैनी हे आणखी एक भारतीय. त्यांचं नाव कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. म्हणजे ‘नेतृत्व केलं’ हे खरं, ‘शोध लावला’ हे चुकीचं.

नेक्सजेन त्यांनी काढली: साफ चूक. नेक्सजेन १९८६ ची. संस्थापक थॅम्पी थॉमस. धाम तिथं गेले १९९५ मध्ये, इंटेल सोडल्यावर.

पुढचा प्रोसेसर इंटेलने येऊ दिला नाही: ही तर उलटीच गोष्ट. त्यावर सातव्या पायरीत येतो.

चारातला एक तुकडा खरा, एक अर्धा, दोन खोटे. बहुतेक फॉरवर्डांचं प्रमाण साधारण असंच निघतं. पहिला तुकडा खरा असतो म्हणूनच बाकीचे आपण न चावता गिळतो.

२. सामान

फार लागत नाही.

- एक वही किंवा शीट. चार रकाने: दावा, कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, त्याला ते कसं माहीत.
- चिप हातात असेल तर घड्याळजी डोळ्याला लावतात ती लूप. मोबाइलचा कॅमेरा दुय्यम. अक्षरं उजळायला तिरपी टॉर्च जास्त उपयोगी.
- इंटरनेट अर्काइव्हवर फुकट खातं. जुन्या मासिकांचे आणि पुस्तकांचे स्कॅन तिथं आहेत.
- चिप चालवून बघायची असेल तर तिच्या सॉकेटचा (चिप ज्यात बसते त्या खोबणीचा) जुना मदरबोर्ड. आपल्याकडे हा शोधणं हेच मोठं काम. दुरुस्तीवाल्यांच्या माळ्यावर विचारा.

इंग्रजी वाचावंच लागतं. पण भाषा कठीण नसते, आकडे आणि तारखाच जास्त असतात.

३. ‘स्थापना’ म्हणजे नेमकी कोणती तारीख?

नवख्यांची पहिली आपटी इथं. कंपनीच्या आयुष्यात निदान चार तारखा असतात: नोंदणी झाली ती, पहिला माल जाहीर केला ती, पहिला माल विकला ती, आणि कंपनीच विकली गेली ती. दोन ठिकाणी दोन वर्षं दिसली की लगेच ‘एक खोटं’ म्हणू नका. एएमडीने, म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्धी चिप कंपनीने, नेक्सजेन घेतल्याचं कुणी १९९५ लिहितं, कुणी १९९६. दोघंही बरोबर. सौदा जाहीर झाला ऑक्टोबर १९९५ मध्ये, पुरा झाला जानेवारी १९९६ मध्ये. लग्नाची सुपारी फुटली ती तारीख वेगळी आणि अक्षता पडल्या ती वेगळी.

सायरिक्सचं बघा. स्थापना १९८८, रिचर्डसन, टेक्सास. संस्थापक जेरी रॉजर्स आणि टॉम ब्राइटमन, दोघंही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेले. पण पहिला माल प्रोसेसर नव्हताच, गणित करणारा कोप्रोसेसर होता. ४८६ नावाच्या चिप आल्या १९९२ मध्ये. १९९७ मध्ये कंपनी नॅशनल सेमिकंडक्टरच्या ताब्यात गेली आणि १९९९ मध्ये तैवानच्या व्हीआयएकडे. आता कुणी ‘सायरिक्स ही तैवानी कंपनी’ म्हणालं तर तो शेवटच्या पानावरून पहिलं पान सांगतोय.

दुसरा नेहमीचा फॉरवर्ड: ‘एएमडी इंटेलमधून फुटून निघाली.’ नाही. इंटेल नोंदली गेली १८ जुलै १९६८ ला, आणि तिचं पहिलं नाव एनएम इलेक्ट्रॉनिक्स होतं. एएमडी १ मे १९६९ ची. महाराष्ट्र दिन, लक्षात ठेवायला सोपं. इंटेलचे संस्थापक नॉइस आणि मूर फेअरचाइल्ड सेमिकंडक्टरमधून निघाले, एएमडीचे जेरी सँडर्स आणि त्यांचे सहकारीही तिथूनच. एकाच वाड्यातली भाऊबंदकी आहे ही, बाप-लेकाचं भांडण नव्हे. एएमडीने सुरुवातीला इंटेलच्या ८०८० चिपची नक्कल उतरवली हे मात्र खरं. ती एएम९०८०. नंतर १९७६ मध्ये दोघांत परवान्याचा करार झाला. ‘चोरी केली’ आणि ‘परवाना होता’ हे दोन्ही दावे तुम्हाला भेटतील. कुठल्या सालाबद्दल बोलणं चाललंय ते विचारलं की भांडण मिटतं.

४. त्या काळचा कागद शोधा

हीच पायरी सगळ्यात मोठी, आणि लोक हीच गाळतात. गुगलवर पहिल्या पानावर येणारे दहा लेख बहुधा एकमेकांवरून उतरवलेले असतात. दहा साक्षीदार दिसतात, खरं तर एकच असतो आणि बाकीचे नऊ त्याचे मित्र. म्हणून विचारायचं: हे ज्या वर्षी घडलं त्याच वर्षी कुणी लिहून ठेवलंय का?

कुठं मिळतं ते सांगतो.

‘इन्फोवर्ल्ड’ साप्ताहिकाचे जुने अंक गुगल बुक्सवर पानन् पान दिसतात. ‘बाइट’ मासिकाचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर. बातमीबरोबर जाहिरातीही वाचा. कंपनी जाहिरातीत किंमत छापते तेव्हा माल निदान विकायला काढलेला असतो. बातमीत फक्त ‘लवकरच’ असतं.

‘मायक्रोप्रोसेसर रिपोर्ट’ हे १९८७ पासूनचं धंद्यातलं पत्र. चिपच्या आतली रचना, कारखाना कुणाचा, कधी येणार, हे त्यात त्या त्या वेळी छापलेलं सापडतं. ‘हॉट चिप्स’ परिषद १९८९ पासून दरवर्षी भरते आणि तिच्या जुन्या स्लाइड फुकट वाचता येतात. अभियंते स्वतः येऊन बोललेले असतात, त्यामुळे प्रकल्पात कोण होतं याचा हा उत्तम पुरावा.

बिटसेव्हर्स या संग्रहात जुन्या डेटाशीट (चिपची तांत्रिक माहितीपत्रकं) आणि मॅन्युअल आहेत. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ‘प्रिलिमिनरी’ किंवा ‘ॲडव्हान्स इन्फर्मेशन’ असा शिक्का असेल तर सावध. चिप तयार होण्याआधीही असा कागद निघतो.

अमेरिकेत शेअर बाजारात उतरलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल एडगर या सरकारी साइटवर असतात. तिथं खोटं लिहिलं तर कोर्टात जावं लागतं, म्हणून भाषा कोरडी आणि भरवशाची. ‘धोके’ या भागात कंपनी स्वतःच सांगते की पुढची चिप रखडू शकते, कारखाना दुसऱ्याचा आहे, अमुक खटला चालू आहे. इथले दोन सापळे. साधारण १९९३ च्या आधीचे कागद तिथं नाहीत. आणि मजकुरात शब्द शोधायची सोय २००१ नंतरच्या कागदांनाच आहे. त्याआधीचं हवं तर कंपनीचं नाव टाकून एकेक फाइल उघडायची. ‘शोधलं, काही नाही’ म्हणणारे बहुतेक इथंच थांबलेले असतात.

वेबॅक मशीनमध्ये कंपनीची जुनी साइट पाहता येते, पण फार तर १९९६ पर्यंत मागे. १९८८ च्या कंपनीचा जन्म तिथं दिसणार नाही. त्यात दिसेल कंपनीने नंतर स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट, आणि ती जरा इस्त्री केलेली असते.

कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने अनेक अभियंत्यांच्या लांबलचक मुलाखती लिहून प्रसिद्ध केल्या आहेत. वाचायला गोड. पण तीस वर्षांनी माणूस तारखा विसरतो आणि स्वतःचा वाटा थोडा फुगवतो. ‘का केलं’ यासाठी मुलाखत घ्या, ‘कधी केलं’ यासाठी कागद.

आणि आपल्याकडे? ‘पीसी क्वेस्ट’, ‘डेटाक्वेस्ट’, जुनं ‘चिप’. रद्दीच्या दुकानात, किंवा ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास काढले त्यांच्या पोटमाळ्यावर. भारतात चिप कधी आणि कितीला मिळत होती हे अमेरिकन मासिकात नाही सापडत.

५. पेटंट: तारीख पक्की, मालक कच्चा

पेटंटवर संशोधकांची नावं, अर्जाची तारीख आणि त्या वेळचा मालक असतो. ‘एकट्याने केलं’ या दाव्याला यासारखं औषध नाही. नावांची रांगच समोर येते.

पण गुगल पेटंट्सवर ‘सध्याचा मालक’ आणि ‘मूळ मालक’ असे दोन वेगळे रकाने असतात. सायरिक्सच्या पेटंटवर पुढं नॅशनल किंवा व्हीआयए-सायरिक्स दिसू लागतं, कारण कंपनीबरोबर पेटंटही विकली गेली. सातबाऱ्यावर आज ज्याचं नाव आहे त्यानेच विहीर खणली असं आपण म्हणत नाही. फेरफार बघतो. इथंही तेच.

आणि पेटंट आहे म्हणजे चिप बनली, असंही नाही. कंपन्या ढीगभर पेटंट घेतात आणि त्यातलं बरंचसं कधीच कारखान्यात जात नाही.

६. चिप हातात असेल तर: नाव वेगळं, माल वेगळा

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तरी डब्यावर ‘कोल्हापुरी’ छापून दुसरीकडचा गूळ विकल्याच्या तक्रारी आपण कायम ऐकतो. चिपच्या झाकणावरच्या नावाचंही तसंच. फरक एवढाच की इथं बहुतेक वेळा ते कायदेशीर असतं.

सायरिक्सकडे स्वतःचा कारखाना नव्हता. डिझाइन त्यांचं, बनवणारे आयबीएम, एसजीएस-थॉमसन, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. करारानुसार हे कारखाने काही माल स्वतःच्या नावानेही विकत. म्हणून ‘आयबीएम ६एक्स८६’ असं छापलेली चिप हाती आली तर ती आयबीएमने बनवली, पण रचना सायरिक्सची. तिच्यावरचा आकडाही जपून वाचा: ‘पीआर१६६+’ म्हणजे १६६ मेगाहर्ट्झ नव्हे. ती चिप धावते १३३ वर. आकडा ‘एवढ्या पेंटियमच्या तोडीची’ असं सांगतो.

आता माझं दुसरं कार्ड. व्हीआयएने १९९९ मध्ये दोन टीम विकत घेतल्या: नॅशनलकडून सायरिक्स आणि आयडीटी या दुसऱ्या कंपनीकडून सेंटॉर. सेंटॉर ऑस्टिनची, टेक्सासचीच, पण माणसं पूर्ण वेगळी. ‘सायरिक्स ३’ हे नाव आधी ठरलं सायरिक्सच्या टीमने केलेल्या जोशुआ नावाच्या रचनेसाठी. २००० च्या सुरुवातीला ती जाहीरही झाली. त्याच वर्षी व्हीआयएने जोशुआ बाजूला ठेवली आणि तेच नाव सेंटॉरच्या सॅम्युअल रचनेवर लावून माल बाजारात आणला. पुढं तिचंच नाव सी३ झालं. म्हणजे दुकानात मिळालेल्या सायरिक्स ३ च्या आत सायरिक्सचं काहीच नव्हतं! मी मात्र तिच्याखाली सायरिक्सच्या अभियंत्यांचं गुणगान लिहून ठेवलं होतं.

हे तपासायचं कसं? चिप चालू करा आणि तिलाच विचारा. प्रोसेसरमध्ये सीपीयूआयडी नावाची एक सूचना असते. ती दिली की चिप इंग्रजीतल्या बारा अक्षरांत आपलं घराणं सांगते. इंटेल म्हणते ‘जेन्युइनइंटेल’, एएमडी ‘ऑथेंटिकएएमडी’, नेक्सजेन ‘नेक्सजेनड्रिव्हन’, सायरिक्स ‘सायरिक्सइन्स्टेड’ (इंटेलऐवजी आम्ही, असा टोमणाच तो), आणि सेंटॉर ‘सेंटॉरहॉल्स’. लिनक्समध्ये सीपीयूइन्फो ही फाइल उघडा, विंडोजमध्ये सीपीयू-झेड चालवा. माझ्या चिपने झाकणावर सायरिक्स मिरवत आतून उत्तर दिलं: सेंटॉरहॉल्स. रात्री साडेअकराला मी एकटाच मोठ्याने हसलो. आई उठून बघायला आली.

यातले सापळे:

- ६एक्स८६ मध्ये सीपीयूआयडी मुळात बंद ठेवलेली असते, त्यामुळे सॉफ्टवेअर तिला ४८६ समजतं. ‘नकली आहे’ म्हणून फेकू नका.
- व्हीआयएच्या काही चिपमध्ये ही बारा अक्षरं बदलता येतात, आणि व्हर्च्युअल मशीन तर काहीही सांगू शकतं. म्हणून कुणी पाठवलेला स्क्रीनशॉट हा एकटाच पुरावा धरू नका.
- झाकणावरचं ‘©’ चिन्हापुढचं वर्ष हे कॉपीराइटचं, बनवल्याचं नव्हे. बनवल्याची तारीख बऱ्याच कंपन्या चार आकड्यांत देतात: ९६४७ म्हणजे १९९६ चा ४७ वा आठवडा.
- प्लॅस्टिकच्या चिपवर वरचा थर खरवडून नवीन नाव छापण्याचा धंदा जुना आहे. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन कोपऱ्यात घासलं की नवा काळा रंग बोळ्यावर उतरतो. चिप दुसऱ्याची असेल तर आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

७. ‘आलाच नाही’ म्हणजे कुठल्या पायरीवर थांबला?

जोतिबाला निघालेला माणूस पोचला नाही म्हटलं तर तो घरातूनच निघाला नाही, की दक्षिण दरवाज्यापाशी पाय मुरगळला, हे कळायला हवं. न आलेल्या प्रोसेसरचंही असंच. पायऱ्या अशा: नुसतं सांकेतिक नाव, डिझाइन चालू, टेपआउट, म्हणजे नकाशा कारखान्याकडे रवाना, पहिली चालणारी चिप, बाहेरच्या कंपन्यांना दिलेली इंजिनिअरिंग सॅम्पल, जाहीर घोषणा, आणि शेवटी दुकान. दाव्यात ‘तयार होता’ असा शब्द दिसला की विचारा, यातल्या कुठल्या पायरीवर?

डेक या जुन्या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीच्या अल्फा प्रोसेसर घराण्यातला ईव्ही८ जून २००१ मध्ये थांबला, टेपआउटच्याही आधी. त्यामुळे ‘माझ्याकडे ईव्ही८ चिप आहे’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं जा. इंटेलचा टिम्ना सप्टेंबर २००० मध्ये रद्द झाला तो बराच वर चढल्यावर. ग्राफिक्स आणि मेमरी कंट्रोलर एकाच चिपमध्ये घेतलेला तो स्वस्त प्रोसेसर महागड्या रॅमबस मेमरीसाठी बांधला होता, आणि साधी मेमरी जोडून देणाऱ्या दुसऱ्या चिपमध्ये दोष निघाला. त्याची सॅम्पल खरंच अस्तित्वात आहेत. इस्रायलच्या ज्या टीमने तो केला, तिनेच पुढं २००३ चा पेंटियम एम दिला.

काही चिप मरत नाहीत, दत्तक जातात. नेक्सजेनचा एनएक्स६८६ त्या नावाने कधीच आला नाही, पण एएमडीने कंपनी घेतली, ती रचना पेंटियमच्या सॉकेट ७ मध्ये बसेल अशी बदलली, आणि एप्रिल १९९७ मध्ये ती के६ म्हणून दुकानात आली. इंटेलने दाबून टाकला म्हणे! तो तर इंटेलच्याच सॉकेटमध्ये जाऊन बसला.

आपल्याकडचा लाडका फॉरवर्ड म्हणजे ‘बंगळुरात बनलेला प्रोसेसर इंटेलने मारला’. त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. इंटेलच्या बंगळुरच्या टीमकडे व्हाइटफील्ड नावाचा झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर होता, नाव तिथल्याच उपनगराचं. २००५ मध्ये तो रद्द झाला आणि त्याची जागा टायगरटन या दुसऱ्या झिऑनने घेतली. इथवर फॉरवर्ड बरोबर. पण तो ज्या वाक्यावर थांबतो त्याच्या पुढचं वाक्य असं: त्याच बंगळुरच्या टीमने केलेला सहा कोअरचा डनिंग्टन सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आला. विकलाही गेला.

नावावरून मूळ काढायची घाई तर नकोच. इंटेलचा ‘तेजस’ मे २००४ मध्ये रद्द झाला. आपल्या तेजस विमानाला ते नाव २००३ मध्ये मिळालेलं, त्यामुळे ‘भारतीय नावाचा प्रोसेसर’ ही गोष्ट चांगलीच पसरली. ‘तेहास’ हे टेक्सासचं जुनं स्पॅनिश नाव. इंग्रजी अक्षरं तीच, आणि इंटेलची सांकेतिक नावं कितीतरी वेळा नकाशावरूनच आलेली असतात.

८. सॅम्पल विकत घेताना

‘कधीच न आलेला प्रोसेसर’ म्हणून ऑनलाइन पाच आकडी किमती लावतात. पैसे देण्याआधी एवढं बघा.

इंटेलच्या दुकानी मालावर ‘एस’ने सुरू होणारा स्पेक नंबर असतो. सॅम्पलवर ‘क्यू’ने सुरू होणारा, आणि बऱ्याचदा ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असा छाप. पण सॅम्पल म्हणजे न आलेली चिप नव्हे. जी चिप पुढं लाखोंनी विकली गेली तिचीही आधी सॅम्पल निघालेलीच असतात. विक्रेता नेमकी हीच गल्लत करून देतो.

मेकॅनिकल सॅम्पल म्हणजे नुसता सांगाडा. सॉकेट आणि झाकण नीट बसतं का हे बघायला. थर्मल सॅम्पल म्हणजे आत फक्त गरम होणारा भाग, पंखा आणि हीटसिंक तपासायला. दोन्ही कधीच ‘चालू’ होणार नाहीत. संग्रहात ठेवायला मजेदार वस्तू आहेत, पण ‘तो प्रोसेसर चालत होता’ याचा पुरावा म्हणून शून्य किमतीच्या. मी एका विक्रेत्याकडून अशीच एक घेतली. त्याने ‘अनटेस्टेड’ लिहिलं होतं. खरं बोलला होता म्हणा.

आणखी एक: इंटेलच्या म्हणण्यानुसार इंजिनिअरिंग सॅम्पल ही तिचीच मालमत्ता, विक्रीसाठी नाहीत. मोठी रक्कम घालायच्या आधी हे डोक्यात असू द्या.

९. भारतातली कंपनी असेल तर

कंपनीच्या कागदावर २१ अक्षर-अंकांचा सीआयएन असतो. सुरुवातीला ‘एल’ किंवा ‘यू’, म्हणजे बाजारात नोंदलेली की नाही. मग पाच आकडे व्यवसायाचे. दोन अक्षरं राज्याची. मग चार आकडे नोंदणीच्या वर्षाचे. ‘गेली तीस वर्षं चिप क्षेत्रात’ म्हणणाऱ्याच्या सीआयएनमध्ये २०१९ दिसलं तर पुढचा प्रश्न तुम्हीच विचाराल. उलटही होतं: जुनी कंपनी विकत घेऊन नाव बदलतात, तेव्हा वर्ष जुनंच राहतं. म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आधीची नावंही बघा.

‘पूर्ण स्वदेशी’ या शब्दाचेही तुकडे करा: आज्ञावली (चिपला समजणाऱ्या सूचनांचा संच) कुणाची, डिझाइन कुणाचं, कारखाना कुणाचा. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’चं डिझाइन आपलं, आज्ञावली रिस्क-५ म्हणजे मूळची बर्कलीची आणि सर्वांना खुली. २०१८ मध्ये तिची एक चिप इंटेलच्या २२ नॅनोमीटर कारखान्यातून आली आणि एक मोहालीतल्या सरकारी कारखान्यातून, १८० नॅनोमीटरवर. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या ‘औम’ प्रोसेसरचे कोअर आर्म कंपनीच्या निओव्हर्स घराण्यातले आहेत. यात कमीपणा काही नाही. फक्त तीन उत्तरं तीन वेगळ्या रकान्यांत लिहायची.

१०. आता कार्ड लिहा

वहीतल्या प्रत्येक तुकड्यापुढं तीनपैकी एक शब्द टाका. ‘पक्कं’: त्या काळचे दोन कागद, एकमेकांवरून न उतरवलेले. ‘बहुतेक’: त्या काळचा एकच कागद, किंवा संबंधित माणसाची मुलाखत. ‘ऐकीव’: बाकी सगळं. कार्डावर फक्त पक्कं जाईल. बहुतेक गेलंच तर ‘असं अमुक यांनी सांगितलं’ हे जोडून. ऐकीव वहीतच राहू द्या, खोडू नका. वर्षाने एखादा स्कॅन सापडतो आणि तो तुकडा वर सरकतो.

जाहीर करण्याआधी एकदा कुणालातरी वाचायला द्या, शक्यतो चष्मा वर करून बघणाऱ्याला. मी त्याच सरांकडे गेलो. त्यांनी एक शब्द बदलायला लावला, ‘निर्मिती’ऐवजी ‘रचना’, कारण कारखाना सेंटॉरचा नव्हता. आता त्या चिपखाली असं लिहिलं आहे:

‘व्हीआयए सायरिक्स ३, २०००. नाव सायरिक्सचं, रचना सेंटॉरची, ऑस्टिन, टेक्सास. याच नावासाठी आधी ठरलेली सायरिक्सची जोशुआ ही रचना जाहीर झाली, पण दुकानात आली नाही.’